उरलेली लोकर, उरलेल्या पोळ्या

मुंबईत स्वेटर कोणी घालत नाही, पण ओळखीत बाळ झालं की कुंची, टोपडं आणि मोजे विणून द्यावेच लागतात. म्हणून माझ्याकडे उरलेली लोकर सगळी बाळाच्या रंगांची: फिका गुलाबी, पिवळट, आकाशी. एकेका गुंडीत मोज्याचा जोडसुद्धा होणार नाही, आणि टाकवतही नाही. तिची मी क्रोशाच्या सुईने डब्याची पिशवी करते.

आधी सगळ्या गुंड्या पलंगावर ओता आणि जाडीप्रमाणे वेगळ्या करा, रंगांचं नंतर बघू. चार पदरी लोकर एकेरी घ्या. दोन पदरी असेल तर दोन धागे जोडीने घ्या. मग 4 मिमीची सुई दोन्हींना चालते. लेबल हरवलेल्या लोकरीचा इंचभर तुकडा चिमट्यात धरून बेसिनवर काडीने पेटवून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख बोटाने चुरडते. अॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो. म्हणूनच तवा-पातेलं धरायचे रुमाल अॅक्रिलिकचे कधीही करू नका, तिथे सुती दोराच हवा. पिशवीला मात्र अॅक्रिलिक उत्तम, धुवून लगेच वाळतं.

बाळाचे रंग एकमेकांशेजारी आले की पिशवी आजारी दिसते. एक गडद गुंडी, मरून किंवा बाटलीहिरवी, दादरच्या बाजारातून आणा आणि दर दोन-तीन पट्ट्यांनंतर तिची एक फेरी घाला. बाकी जुळवाजुळव करत बसू नका.

बुडापासून सुरुवात. चार साखळ्या घालून गोल जोडा आणि त्यात सहा मुके खांब (क्रोशाचा बुटका टाका, सिंगल क्रोशे) घाला. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन, म्हणजे बारा. तिसरीत एक सोडून एका खांबात दोन, म्हणजे अठरा. पुढे प्रत्येक फेरीत सहाच वाढवायचे: चोवीस, तीस, छत्तीस. फेरी न जोडता गोल गोल पुढे जा आणि पहिल्या खांबाला सेफ्टी पिन लावून ठेवा, नाहीतर मोजदाद चुकते. बुड वाटीसारखं वर वळायला लागलं तर हात घट्ट पडतोय किंवा वाढ कमी झालीय. कडेला लाटा आल्या तर वाढ जास्त झालीय. मधूनमधून डबा वर ठेवून बघा. डब्याच्या बुडाएवढं झालं की वाढवणं थांबवा आणि सरळ वर चढा, पिशवी आपोआप उभी राहते.

रंग बदलताना गाठ मारू नका, ती आतून टोचते आणि पुढेमागे सुटते. जुन्या रंगाच्या शेवटच्या खांबाचे दोन फास सुईवर असतानाच नवा धागा ओढून घ्या. दोन्ही शेपट्या चार-पाच बोटं ठेवा आणि पुढचे खांब त्यांच्यावरून घालत जा. मग शेवटी सुई-दोऱ्याने टोकं लपवत बसायचं काम उरत नाही. धागा पुढच्या फेरीला पुरेल का, अशी शंका आली तर तो पिशवीच्या घेराभोवती गुंडाळून बघा. मुक्या खांबांना चार-पाच वेढे लागतात. कमी भरला तर अर्ध्यातच रंग बदला. गोल फेऱ्यांमध्ये ते कोणाच्या लक्षात येत नाही.

उंच बाजूचं काम लोकलमध्ये छान होतं, कारण मोजायचं काही नसतं. मुलुंडहून दादर येईपर्यंत दोन पट्टे होतात. बसायला जागा मिळाली तर. तिघींच्या बाकावर चौथी म्हणून टेकलं तर कोपर हलत नाही, तेव्हा सुई पर्समध्येच बरी.

पिशवी धरायचे बंद सुती दोऱ्याचे करा. अॅक्रिलिकचा बंद भरलेल्या स्टीलच्या डब्याने लांबत जातो आणि पिशवी गुडघ्याला लागते.

आता डब्यात काय? मी गिरगावच्या चाळीत वाढले. तिथे शेजारचा डबा रिकामा परत जात नसे, आणि घरात काही नसलं तरी पोळीचे लाडू होतातच. कालच्या पाच-सहा पोळ्या मिक्सरमधून रवाळ काढा, पीठ करू नका. ओलसर किंवा आंबूस वास येणाऱ्या पोळ्या घेऊ नका. पावसाळ्यात हे आवर्जून बघा. चुरा साधारण दोन वाट्या झाला तर पाऊण वाटी चिरलेला गूळ पुरे.

लोणी कढवल्यावर भांड्याच्या तळाशी राहते ती बेरी असेल तर लाडवाची चव वेगळीच लागते. तपकिरी बेरीच घ्या, काळी कडू असते. दोन चमचे तुपात बेरी आणि चुरा मंद आचेवर खमंग परतून बाजूला काढा. त्याच कढईत चमचाभर तूप आणि गूळ घाला. गूळ विरघळला की लगेच गॅस बंद. बुडबुडे येऊ दिले तर पाक होतो, आणि लाडू फोडायला बत्ता लागतो. चुरा, वेलची आणि असतील तर भाजलेल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट घालून कालवा आणि कोमट असतानाच वळा. वळत नसतील तर दुधाचा हबका मारू नका, लाडू लवकर खराब होतात. अजून चमचाभर गरम तूप घाला.

लाडू पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका. आत वाफ धरते. मुंबईच्या हवेत हे दुसऱ्या दिवसापर्यंतच चांगले, तेव्हा डबा देताना शेजारच्या काकूंना तसं सांगा. आणि पिशवी परत नको, हेही सांगा. नाहीतर त्या तीत काहीतरी भरूनच पाठवतील.