कामिनोला निघण्याआधी: सॅक, पाय आणि शाकाहारी पोटाची सोय

कामिनो म्हणजे स्पेनमधल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेलाला चालत जायची ख्रिस्ती यात्रेची जुनी वाट. तिकडे जायचं ठरलं की आपले लोक बूट कुठले आणि सॅक किती लिटरची यावर महिनाभर खल करतात आणि खाण्याचं मात्र तिकडे गेल्यावर बघू म्हणून सोडून देतात. मला विचाराल तर शाकाहारी माणसाने तयारी खाण्यापासूनच सुरू करावी. बूट तिकडेही मिळतात, पण दुपारी साडेचारला भूक लागली आणि गावातलं एकमेव किचन बंद असलं की पुढचे सात किलोमीटर फार जड जातात.

पण आधी कागदपत्रं, कारण त्याला वेळ लागतो. शेंगेन व्हिसा लागतो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान 30,000 युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स हवा. फ्रान्समधल्या सेंट-जाँ-पिए-द-पोर पासून पूर्ण वाट चालायची तर साधारण 780 किमी आहे, महिना-सव्वा महिना धरा. एवढी सुट्टी कुणाला मिळते, म्हणून बरेच जण वाटेवरच्या सारिया गावापासून चालतात, तिथून साधारण 115 किमी, पाच-सहा दिवसांत आरामात होतं आणि कोम्पोस्तेला म्हणजे सर्टिफिकेटसाठी चालत निदान 100 किमी लागतात तेही भरतात. क्रेदेन्सियाल हा यात्रेकरूचा पासपोर्ट सुरुवातीच्या गावातच घ्या, दोन-तीन युरोला मिळतो, आणि शेवटच्या 100 किमीत रोज दोन तरी शिक्के घ्याच. चर्च, बार, आल्बेर्गे (यात्रेकरूंचं मुक्कामाचं वसतिगृह), कुठेही मारून देतात.

महिना निवडताना मे-जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये बुर्गोसच्या पुढच्या मेसेता पठारावर सावली म्हणून नाही, आणि सेंट-जाँहून डोंगरावरून जाणारी नेपोलियन वाट 1 नोव्हेंबर ते 31 मार्च बंदच असते. आणि हो, 2027 हे पवित्र वर्ष आहे (25 जुलैला, म्हणजे संत जेम्सच्या सणाला, रविवार आला की ते असतं), गर्दी खूप होणार. त्या वर्षी जाणार असाल तर सारियापासूनच्या मुक्कामांचं बुकिंग लवकर करा.

ज्यांनी पंढरीची वारी केलीय त्यांना चालायची सवय असते, पण एक मोठा फरक लक्षात ठेवा, वारीत दिंडीचा ट्रक सामान नेतो आणि पंगतीत पान वाढून मिळतं, इथे पाठीवरचं ओझं तुमचं आणि जेवण शोधायचं कामही तुमचंच. म्हणून सॅक भरून वजनकाट्यावर ठेवा, आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर गेली की काहीतरी काढा. अंगावरचा एक आणि सॅकमध्ये एक असे दोनच जोड, फार तर तिसरा टीशर्ट, कपडे रोज पोचल्यावर धुवायचे, नाही वाळले तर सेफ्टीपिनने सॅकला लावून चालायचं. पातळ स्लीपिंग बॅग किंवा लायनर, झटकन वाळणारा टॉवेल, रेनकोट किंवा पोंचो (गॅलिसियात, म्हणजे सान्तियागोच्या प्रांतात, पाऊस कधीही येतो), चप्पल, कानात घालायचे बोळे कारण एका हॉलमध्ये तीस-चाळीस जण घोरत असतात, दोन पिनांचा गोल प्लग, बस. ट्रेकिंगच्या काठ्या चेक-इन बॅगेत टाका, केबिनमध्ये बहुतेक नेऊ देत नाहीत. एखाद्या दिवशी पाठ दुखली तर पोस्टाची किंवा खाजगी सर्व्हिस पाच-सात युरोत सॅक पुढच्या मुक्कामी पोचवते, फक्त ती खाजगी आल्बेर्गेच्या पत्त्यावर पाठवा, सरकारी आल्बेर्गेत सहसा घेत नाहीत.

पायांबद्दल. बूट अर्धा ते एक नंबर मोठा घ्या, चालून चालून पाय सुजतो, आणि निघण्याआधी त्याच बुटांनी तीच सॅक घेऊन सलग दोन-तीन दिवस पंधरा-वीस किमी चालून बघा, एकच दिवस चालून काही कळत नाही. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. रोज मोजे घालायच्या आधी बोटांच्या मधे आणि टाचेला व्हॅसलीन चोळा. चालताना कुठेही जरा चुरचुरलं की तिथल्या तिथे बसा, बूट काढा, मोजा बदला, टेप लावा, पुढच्या गावात बघू म्हणालात की फोड आलाच म्हणून समजा. हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे फार्मासिया, औषधांचं दुकान, फोडांचे जाड पॅच तिथे मिळतात, लावले की आपणहून सुटेपर्यंत ओढून काढू नका, कातडी निघते.

आता खाणं. स्पेनचं घड्याळ वेगळं चालतं. दुपारचं जेवण दीड ते साडेतीन, मग किचन बंद, दुकानंही दोन ते पाच बऱ्याच गावांत बंद, आणि रात्रीचं जेवण साडेआठच्या पुढे. यात्रेकरूंसाठी काही ठिकाणी सातला वाढतात. रविवारी सुपरमार्केट बहुतेक बंद, म्हणून शनिवारीच फळं, ब्रेड, बदाम घेऊन ठेवा. कारियोन दे लोस कोन्देसच्या पुढे साधारण 17 किमी गावच नाही, तिथे दोन लिटर पाणी आणि खाणं जवळ हवंच. नळाचं पाणी चालतं, पण ‘नो पोताब्ले’ लिहिलेल्या नळाचं पिऊ नका.

अंडं खात असाल तर अर्धी काळजी मिटली. सकाळी सात-आठ किमी चालून पहिल्या बारमध्ये शिरलात की काउंटरवर काचेखाली तोर्तिया ठेवलेला असतो, बटाटा-कांदा-अंड्याचा जाड गोल, त्याची फोड ब्रेडच्या तुकड्यासोबत बशीत देतात, जोडीला काफे कोन लेचे (दुधाची कॉफी) आणि समोर पिळलेला संत्र्याचा रस. दुपारपर्यंत भूक लागत नाही. अंडं नको असेल तर टोमॅटो चोळलेला टोस्ट, चीजचा बोकादियो (लांब पावाचं सँडविच), नव्हारातल्या पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचं सॅलड, गॅलिसियात तळलेल्या पाद्रोन मिरच्या जाड मीठ घालून. सान्तियागोच्या बदामाच्या केकमध्ये मैदा नसतो पण अंडं असतं.

नुसतं ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हणून भागत नाही, त्यावर टूना किंवा हॅम येऊ शकतं, म्हणून ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन आतून’ (मांस, मासे, हॅम, टूना नको) असं पूर्ण म्हणा किंवा मोबाईलवर लिहून दाखवा. मिक्स सॅलडमध्ये टूना असतोच, डाळीत म्हणजे लेन्तेहासमध्ये चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज), आणि काल्दो गायेगो दिसायला पालेभाजी-बटाट्याचं साधं सूप, पण त्यात डुकराची चरबी असते. अगदी कडक पाळणाऱ्यांनी लक्षात घ्या, तिकडच्या बऱ्याच चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध गोठवायला वापरतात तो वासराच्या जठरातला पदार्थ) असतं. मेनू देल दिया, म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं जेवण, बारा-पंधरा युरोत दोन कोर्स, गोड, ब्रेड, वाइन असं देतो, वाइन नको तर पाणी मागा, आणि दोन्ही कोर्स पहिल्या कोर्सच्या यादीतून द्याल का असं विचारा, भाज्या त्याच यादीत असतात आणि बहुतेक जण आनंदाने देतात.

घरून काय न्यायचं? तूप, पेढे, बर्फी, पनीर घरीच ठेवा, बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे. मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, थोडा गोडा मसाला, हिंग-हळद असं मिळून पाव किलो पुरे. सुपरमार्केटमधून तांदूळ आणि शिजवलेले चणे बरणीत मिळतात, आल्बेर्गेच्या किचनमध्ये अर्ध्या तासात जेवण होतं. फक्त गॅलिसियातल्या सरकारी आल्बेर्गेत शेगडी असते पण भांडी बऱ्याचदा नसतात, त्यामुळे एक छोटं हलकं पातेलं बरोबर असलेलं बरं.

मुक्कामाला पोचल्यावर आधी गादीच्या शिवणी टॉर्चने बघा, ढेकूण असू शकतात, आणि सॅक बेडवर टाकू नका. सरकारी आल्बेर्गे सहसा आधी बुक होत नाहीत, दुपारी दोनपर्यंत पोचलेलं चांगलं. रात्री दहाला दार बंद, सकाळी आठपर्यंत बाहेर. इमर्जन्सीला 112.

सान्तियागोत पोचल्यावर मोठी सॅक घेऊन कॅथेड्रलमध्ये सोडत नाहीत, ती आधी लॉकरला ठेवा, मग यात्रेकरू ऑफिसला जाऊन कोम्पोस्तेला घ्या, ती फुकट असते. दुपारी बाराच्या मासला (चर्चमधल्या प्रार्थनेला) जागा हवी तर तासभर आधी जा. आणि पुढे समुद्रापर्यंत फिनिस्तेरेला चालायचं मनात असेल तर अजून साधारण 90 किमी, परतीचं तिकीट काढतानाच त्यासाठी चार-पाच दिवस राखून ठेवा.