झाडांची गावठी नावं गोळा करताना या चुका टाळा

एप्रिल-मे आला की करवंदं, तोरणं, जांभळं बाजारात येतात आणि माझ्याकडे नवशिक्यांच्या याद्या. झाड, स्थानिक नाव, शास्त्रीय नाव असे तीन रकाने, तेही दोन दिवसांत भरलेले. गावाचं नाव कुठेच नाही. नुसतं ‘स्थानिक नाव’ म्हणजे कुठलं स्थानिक? घाटावर ज्यांना तोरणं म्हणतात तीच गोव्यात चुर्नां होतात. गाव लिहिलं नाही तर नाव अर्धंच राहतं, आणि अर्ध्या नावाने नुकसान होतं.

ते नुकसान मी स्वतः केलेलं आहे. दापोलीकडच्या एका शाळेच्या कुंपणाला अंजनी लावायची होती. हिची निळी-जांभळी फुलं झुबक्यांनी थेट फांदीला चिकटून येतात, मग काळपट फळं धरतात आणि पाखरं त्यांच्यावर तुटून पडतात. गावात तिला अंजनच म्हणत, म्हणून मीही खानदेशातल्या एका रोपवाटिकेला फोनवर ‘अंजनाची चाळीस रोपं’ सांगून मोकळा झालो. तिकडे अंजन म्हणजे कोरड्या डोंगरांवरचा उंच वृक्ष, लाकूड अतिशय टणक, पाला गुरांना घालतात. त्यांनी मागितलं ते बरोबर दिलं. टेम्पोतून रोपं उतरवताना माझ्या हातात पान होतं. एका देठाला दोनच पर्णिका, आपट्याचं पान मधोमध चिरल्यासारख्या. अंजनीचं पान अखंड, जाड, चकचकीत, जोडीने समोरासमोर येणारं. मला तिथेच थांबायला हवं होतं. पण मुलं खड्डे खणून वाट बघत होती, आणि मी घाई केली. कोकणातल्या पावसात गणपतीपर्यंत चाळीसही रोपं कुजली. तेव्हापासून रोप मागवताना मी शास्त्रीय नावच सांगतो, मेमेसायलॉन (अंजनी) की हार्डविकिया (अंजन) ते, आधी पानाचा फोटो मागवतो आणि मगच पैसे देतो.

अळूचं प्रकरण याहून गंभीर आहे. शहरात अळू म्हटलं की फदफदं आठवतं. सह्याद्रीत अळू हे एका काटेरी झाडाचं फळही आहे, पिकलं की तपकिरी आणि चवीला चिकूच्या जवळचं. त्याच रानात गेळाही असतो. तोही काटेरी, फळही गोल. पण गेळा म्हणजे आयुर्वेदातलं मदनफळ, वमनासाठी, म्हणजे उलटी करवायला देतात ते. मासे गुंगवायला हेच फळ कुटून पाण्यात टाकतात. फोटो पाठवून ‘हे अळूच ना?’ विचारणाऱ्याला मी कधीही हो म्हणत नाही, आधी फळ कापायला लावतो. अळूत चार-पाच टणक आठळ्या निघतात, गेळ्याच्या गरात पुष्कळ बारीक बिया. मोबाइलमधलं अॅप काय म्हणतं ते मला सांगू नका. गावातल्या जाणत्या माणसाने फळ हातात घेऊन ओळखल्याशिवाय ते तोंडात घालायचं नाही.

आणखी एक चूक मला मनापासून खुपते, ती म्हणजे उत्तर पुरवून प्रश्न विचारणं. सावंतवाडीजवळ एका मुलाने वही उघडून एका झुडपाकडे बोट दाखवत विचारलं, ‘आजी, ही आंबगूळ ना?’ आजी ‘होय’ म्हणाल्या. पाहुण्याला, तेही शिकलेल्याला, नाही कशाला म्हणा! मुलाने टीक केली आणि निघाला. मी मागे थांबलो आणि विचारलं, ‘तुमच्या घरात हिला काय म्हणतात?’ आजी लगेच म्हणाल्या, ‘नेर्ली. पान उलटा करून बघ.’ पालथ्या बाजूला चांदीचा वर्ख दिल्यासारखं पान. नाव मिळालं आणि ओळखायची खूणही मिळाली, दोन मिनिटं जास्त बसल्यामुळे. हेच नाव घेऊन घाट चढून कर्नाटकात जाऊ नका. तिथे नेरळे म्हणजे जांभूळ.

झाड, फळ आणि वाळवण यांची नावं एकाच ओळीत कोंबू नका. चार हे झाड, चारोळी ही त्याच्या बीतला गर. कोकमाच्या बाबतीत तर हे फारच होतं. रत्नागिरीत फळ रातांबा, गोव्यात भिरंड. साल वाळली की कुठे आमसूल, कुठे कोकम, मालवणीत सोलां. मी प्रत्येक नावाला वहीत वेगळं पान देतो आणि वर गाव, तारीख, सांगणाऱ्याचं वय लिहितो.

आणि ऐकलेलं नाव घरी येऊन ‘शुद्ध’ करू नका. आजी सोलां म्हणाल्या असतील तर वहीत सोलांच लिहायचं, शेवटच्या अनुस्वारासकट.