सोलापूरहून ऑर्केस्ट्राच्या उन्हाळी शिबिराला जाताना

हिंदुस्थानी पद्धतीनं व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांना पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राच्या शिबिराला पाठवावं का, असं सोलापुरातले पालक मला विचारतात. मी जाऊन आले आहे. बेलाशक पाठवा, पण तयारी नेमकी कशाची करायची ते समजून घ्या.

आधी तारा. आपण सा-प-सा-प लावतो, तिथं जी-डी-ए-ई या पाश्चात्त्य स्वरांत. त्यातली ए ची तार बहुतेक ठिकाणी ४४० हर्ट्झवर. महिनाभर आधीपासून तशाच लावा, बोटांना वळण लागू द्या. मांडी घालून पावलावर वाद्य टेकवायची सवय असेल, तर खुर्चीच्या कडेवर बसून हनुवटीखाली धरण्याचा सरावही आत्ताच सुरू करा. खांदा भरून येतो, मग सरावतो.

कान ही आपली जमेची बाजू. खरी कसोटी गजाची. एका विभागातल्या सगळ्यांचे गज एकाच दिशेनं जायला हवेत. छापील स्वरलिपीत स्वरावर खालून उघडी चौकट असेल तर गज खाली ओढायचा, इंग्रजी व्हीची खूण असेल तर वर न्यायचा. सूर बिनचूक लागला, पण गज उलटा गेला तरी वादन थांबतं! आमच्या शिक्षिका आम्हाला वाद्य मांडीवर ठेवायला लावून नुसते गज हवेत चालवून घेत. सगळे मोठ्यानं मात्रा मोजत असू. सोलो वाजवणाऱ्याला हे कुठं मिळणार?

ऑर्केस्ट्रात व्हायोलिनचे फर्स्ट आणि सेकंड असे दोन विभाग असतात. सेकंड व्हायोलिनमध्ये बसवलं म्हणून हिरमुसू नका. मुख्य सुरावट बहुधा फर्स्टकडे असते, पण मधला भरणा आणि लय सेकंडच्या हातात असते. कान तिथंच तयार होतो.

शिबिर मुंबईत असेल तर हवेचं भान ठेवा. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो. कोरड्या हवेत खुंट्या सैल पडतात, मुंबईच्या दमटपणात फुगून अडकतात. खुंटीचा खडू जवळ असू द्या. उन्हात उभ्या गाडीत व्हायोलिन ठेवलं तर सरसाचे जोड सुटू शकतात. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं जाणार असाल तर व्हायोलिनची पेटी बर्थवर उशाशीच घ्या.

आणि मऊ शिसपेन्सिल न्या. गजाच्या खुणा रोज बदलतात, पेनानं लिहू देत नाहीत. दोघांत स्वरलिपीचा एक स्टँड असतो. पान आतल्या बाजूचा, म्हणजे प्रेक्षकांपासून लांबचा वादक उलटतो, तेवढा वेळ बाहेरचा वाजवत राहतो.