झॅप्फिनोमध्ये पत्रिकेवरची नावं कशी बसवावीत

ऑफिसातल्या मंडळींसाठी इंग्रजी लग्नपत्रिका छापायची ठरली की “नावं जरा वळणदार फॉन्टमध्ये घ्या” ही फर्माईश येतेच. मॅक असेल तर झॅप्फिनो हा तसा फॉन्ट त्यात आयताच असतो. जर्मन अक्षरकार हर्मन झॅप्फ यांनी 1944 मध्ये वहीत काढलेल्या अक्षरांवरून तो घडला आणि 1998 मध्ये लिनोटाइप या फॉन्ट कंपनीने बाजारात आणला. हाताने लिहिताना अक्षर दर वेळी थोडं वेगळं पडतं, तसं दिसावं म्हणून यात एकेका अक्षराची अनेक रूपं आहेत. मजा तिथेच आणि घोळही तिथेच.

नावं टाइप करा, फक्त पहिलं अक्षर कॅपिटल. सगळंच नाव कॅपिटलमध्ये हवं म्हणणाऱ्या काकांना शांतपणे नाही म्हणा. तारीख, पत्ता, हॉलचं नाव साध्या फॉन्टमध्ये. यात देवनागरी नाहीच, तेव्हा ‘चि. सौ. कां.’ला वेगळा फॉन्ट लागेल.

आता रूपं निवडायची. या टप्प्याने मला सगळ्यात जास्त छळलंय. ग्लिफची, म्हणजे अक्षरांची सगळी रूपं दाखवणारी, खिडकी उघडली की प्रत्येक अक्षराचं सर्वांत नखरेल रूप घ्यावंसं वाटतं. तसा सल्लाही सर्रास मिळतो. तो कानाआड करा. एका नावात लांब फराटा एकच, शक्यतो पहिल्या किंवा शेवटच्या अक्षराला.

‘सिद्धी’ इंग्रजीत लिहून बघा. दोन डी आणि एच शेजारी शेजारी, तिघांच्याही काठ्या वर गेलेल्या. सॉफ्टवेअर काही रूपं आपणहून बदलतं, पण त्यावर विसंबू नका. एका डीला फराटा ठेवा, दुसरा डी आणि एच साधे घ्या.

दोन ओळींत तर खरी कसोटी. वर ‘योगेश’ आणि खाली ‘सिद्धी’ असेल तर त्यातल्या जीचं शेपूट खालच्या डीवर येऊन पडतं. या फॉन्टमध्ये ओळींतलं अंतर मुळातच अवाढव्य असतं, म्हणून लोक ते दाबतात आणि गुंता होतो. अंतर दाबायचंच, पण मग खालचं नाव आडवं सरकवा, शेपूट मोकळ्या जागेत उतरू द्या. तरी अडलं तर जीचं दुसरं रूप घ्या. कुणाचं नाव वर, हे घरच्यांकडून आधीच पक्कं करून घ्या; नंतर अदलाबदल झाली की ही जुळणी पहिल्यापासून.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्याने जोडलेली अक्षरं सुटी होतात.

छपाईसाठी नावं एकाच शाईत, शंभर टक्के. फिकट छटा ठिपक्यांनी छापली जाते आणि बारीक रेषा तुटक दिसतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरी नावं तर नकोच. शाई पसरून रेषा बुजतात. फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून द्या आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, पत्रिकेच्या खऱ्या मापातच मागा.