हलकं आईस्क्रीम घरी कसं करावं: एक मूळ मिश्रण आणि बऱ्याच चवी

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी बाबांना साय, लोणी, क्रीम बंद करायला सांगितलं. त्यांनी ते निमूटपणे पाळलं. पण मे महिन्यात रात्रीच्या जेवणानंतर नातवंडं आईस्क्रीमच्या वाट्या घेऊन बसली, की ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहायचे. ते मला बघवेना. तेव्हापासून मी कमी फॅटचं आईस्क्रीम करायला लागले, आणि बऱ्याच चुका करून झाल्यावर ते आता दर वेळी नीट जमतं. ज्या घरात एकाला चालतं आणि दुसऱ्याला चालत नाही अशी अडचण आहे, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी थोडा हिशेब. घरी आईस्क्रीम करायची सध्याची लोकप्रिय रीत म्हणजे दोन पाकिटं फ्रेश क्रीम आणि एक डबा कंडेन्स्ड मिल्क. फ्रेश क्रीममध्ये साधारण 25 टक्के फॅट असतं. म्हणजे 400 मिली क्रीममधून 100 ग्रॅम फॅट आलं, आणि कंडेन्स्ड मिल्कचा जवळपास निम्मा भाग तर साखरच. मी घेते ते 1 लिटर टोन्ड दूध. त्यात 3 टक्के फॅट, म्हणजे सगळं मिळून 30 ग्रॅम. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार नुसतं ‘आईस्क्रीम’ म्हणून विकायच्या पदार्थात दुधाचं फॅट किमान 10 टक्के लागतं. अडीच ते दहा टक्क्यांमधलं ते ‘मीडियम फॅट’ आणि अडीचच्या आतलं ‘लो फॅट’. खालच्या मिश्रणात फॅट सव्वातीन टक्क्यांच्या आसपास येतं, आणि त्यात आंब्याचा रस घातला की अडीचच्या आसपास उतरतं.

साय काढली तर तिचं काम कोण करणार?

माझी पहिली खेप पार बिघडली होती. डबल टोन्ड दूध घेतलं, साखर निम्मी केली आणि डबा फ्रीझरमध्ये ठेवून दिला. सकाळी चमचा आत शिरेना. किसून खाल्लं तर दाताखाली बर्फ करकरला.

त्याचं कारण सोपं आहे. दुधात 87 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते सावकाश गोठलं की त्याचे मोठे, टोकदार बर्फकण होतात. साय असली की ती या कणांच्या मध्ये येते आणि जीभेला मऊपणा लागतो. साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, म्हणून आईस्क्रीम फ्रीझरमध्येही चमच्याने काढता येईल इतपत मऊ राहतं. मी एकाच वेळी दोन्ही काढून घेतलं होतं आणि त्यांच्या जागी काहीच दिलं नव्हतं.

लहानपणी आजोळी पॉटचं आईस्क्रीम व्हायचं. लाकडी बादली, मधे डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि खडेमीठ, आणि हँडल फिरवायला आम्ही भावंडं पाळीपाळीने. त्यात क्रीम नसायचं. आटवलेलं दूध, साखर, वेलची आणि असलाच तर आंब्याचा रस, बस. तरी ते रेशमासारखं लागायचं, कारण एक तर मीठ घातलेला बर्फ शून्याच्या खूप खाली जातो आणि मिश्रण झपाट्याने गोठतं, आणि दुसरं म्हणजे ते सतत ढवळलं जातं, त्यामुळे बर्फकणांना मोठं व्हायला सवडच मिळत नाही. सायीचं काम वाटून द्यायचं, ही गोष्ट मला त्या पॉटवरून कळली. थोडं आटवण्याला, थोडं दूध पावडरला, थोडं कॉर्नफ्लोअरला आणि उरलेलं आपल्या हाताला.

मूळ मिश्रण

टोन्ड दूध 1 लिटर, साखर 100 ग्रॅम म्हणजे सपाट 8 टेबलस्पून, साय काढलेल्या दुधाची पावडर 40 ग्रॅम म्हणजे साधारण 6 टेबलस्पून, कॉर्नफ्लोअर 2 टेबलस्पून आणि चिमूटभर मीठ. एवढ्यात आठ-नऊ जणांना पुरेल असं आईस्क्रीम होतं. दूध पावडर घेताना चहात घालायची गोड पावडर घेऊ नका, पाकिटावरचे घटक वाचून घ्या.

1. अर्धी वाटी गार दूध बाजूला काढून त्यात कॉर्नफ्लोअर कालवा. दुसऱ्या वाटीत आणखी थोडं गार दूध घेऊन पावडर गुठळ्या न होता मिसळून ठेवा. पावडर थेट गरम दुधात टाकली की गाठी होतात आणि त्या नंतर मोडत नाहीत.

2. उरलेलं दूध जाड बुडाच्या पातेल्यात उकळा. मंद ते मध्यम आचेवर, कडेची साय परत दुधात सोडत, एक चतुर्थांश कमी होईपर्यंत आटवा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. यापेक्षा जास्त आटवू नका, नाहीतर बासुंदीची चव येते आणि फळाची चव तिच्याखाली दबते.

3. साखर, मीठ आणि कालवलेली पावडर घाला. आच अगदी मंद करून कॉर्नफ्लोअर ढवळून एका हाताने ओता आणि दुसऱ्या हाताने सतत ढवळत राहा. उकळी आल्यावर तीन-चार मिनिटं शिजू द्या, कच्चं राहिलं तर पिठूळ चव लागते. झालं का ते कसं ओळखायचं? डाव बुडवून बाहेर काढा आणि त्याच्या पाठीवर बोटाने आडवी रेघ ओढा. रेघ तशीच स्वच्छ राहिली, वरचं मिश्रण ओघळून तिच्यात आलं नाही, तर गॅस बंद करा.

4. आता चव घ्या. कोमट असताना ते किंचित जास्त गोड वाटलं पाहिजे, कारण गार पदार्थाची गोडी जीभेला कमी कळते. इथे बरोबर लागलं तर गोठल्यावर फिकं लागेल.

5. पातेलं बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत गार करा, म्हणजे वर साय धरत नाही. मग झाकून फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा, किमान चार तास तरी. पावडर आणि कॉर्नफ्लोअर या वेळात पाणी धरून ठेवतात आणि मिश्रण घट्ट होतं. घाईच्या दिवशी मी ही पायरी गाळून पाहिली आहे. फरक पहिल्या चमच्यातच कळतो.

गोठवणं आणि घुसळणं

सगळी करामत इथे आहे, म्हणून यात कसूर नको.

मिश्रण घालायच्या दोन-तीन तास आधी फ्रीझरचं बटण सगळ्यात थंडवर करा. डबा स्टीलचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा, पसरट आणि उथळ घ्या. प्लास्टिकमधून थंडी हळू पोचते. मिश्रणाचा थर तीन-चार बोटांपेक्षा उंच नको. फ्रीझरच्या तळावर चमचाभर पाणी शिंपडून त्यावर डबा ठेवला की तो तळाला चिकटून बसतो आणि लवकर गार होतो. डबा काढताना खाली ओलं फडकं फिरवायचं, लगेच सुटतो.

दोन तासांनी उघडून पाहा. कडेने दोन बोटं गोठलेलं आणि मधे लिबलिबीत, अशी अवस्था हवी. तेव्हाच ते सुरीने कापून मिक्सरच्या गार भांड्यात घ्या आणि थांबून थांबून फिरवा. एका दमात फिरवलं तर भांडं तापतं आणि सगळं पातळ होतं. आइस्क्रीम फिकट, फुगीर दिसायला लागलं की लगेच परत डब्यात. दीड तासाने पुन्हा हेच. एकूण तीन वेळा. तिसऱ्या वेळेला ते साबुदाण्याच्या खिरीपेक्षा घट्ट आणि चक्क्यापेक्षा सैल दिसतं, आणि चमच्यावरून लडीने पडतं. तसं दिसलं की समजा जमलं.

घुसळल्याने हवाही मिसळते. बाजारातल्या आईस्क्रीममध्ये ती बरीच असते. एक लिटर आईस्क्रीमचं वजन किमान 525 ग्रॅम असावं असा नियम आहे, म्हणजे उरलेली बरीचशी हवाच. घरी तेवढी भरत नाही, म्हणून आपलं आईस्क्रीम दाट आणि जड लागतं. त्यामुळे लहान वाटीतच मन भरतं.

शेवटी बटर पेपर थेट आईस्क्रीमवर दाबून बसवा आणि वर घट्ट झाकण लावा. मोकळी हवा राहिली की वर बर्फाची पूड धरते. सहा ते आठ तासांत तयार.

चवी

हापूस: 300 ग्रॅम आमरस पुरतो. रस गोड असतो, म्हणून मूळ मिश्रणात साखर 60 ग्रॅमच घ्या. रस शिजवायचा नाही, दुसऱ्या घुसळणीच्या वेळी गारच घालायचा. आंब्याचा वास त्यामुळे शाबूत राहतो.

सीताफळ: पुरंदरच्या सीताफळांच्या दिवसांत मी हेच करते, आणि मला विचाराल तर हलक्या आईस्क्रीमला याच्याइतकं योग्य फळ नाही. गराचा स्वतःचाच पोत सायीसारखा असतो. मात्र दोन पथ्यं पाळा. गर कधीही तापवू नका, तो कडवट होतो. आणि बियांसकट मिक्सरमध्ये अजिबात घालू नका. बी फुटलं तर कडू तर होतंच, शिवाय ते खाण्याजोगं नसतं. मोठ्या भोकांच्या चाळणीवर हाताने गर दाबून काढायचा. वेळ जातो, पण दुसरा सुरक्षित मार्ग नाही. गर शेवटच्या घुसळणीनंतर हाताने मिसळा, म्हणजे मधूनमधून पाकळ्या लागतात.

चिकू: पूर्ण पिकलेला, साल काढलेला. कच्चट चिकूचा तुरटपणा गोठल्यावरही जात नाही. पाव चमचा कॉफी पावडर घातली तर चव खुलते.

स्ट्रॉबेरी: महाबळेश्वरची असली तरी तिच्यात पाणी खूप. ती कच्ची घातली की दाताखाली बर्फाचे खडे येतात. तुकडे करून दोन चमचे साखरेबरोबर घट्ट होईपर्यंत आटवा, पूर्ण गार करा आणि मग घाला. अननस तर शिजवायलाच हवा. कच्च्या अननसातलं आणि पपईतलं पाचक द्रव्य दुधातली प्रथिनं तोडतं आणि काही तासांत मिश्रण कडू होतं.

शहाळं: मऊ मलई आणि अर्धी वाटी पाणी एकत्र वाटून घ्या, थोडी मलई बारीक चिरून वरून. इथे वेलची, केशर काही नको.

जांभूळ: हे आंबट-तुरट फळ दुधात बसत नाही. त्यासाठी गाईच्या दुधाच्या दह्याचा चक्का करा. 250 ग्रॅम चक्का, दीड वाटी जांभळाचा गर, 5 टेबलस्पून साखर आणि चिमूटभर मीठ. शिजवणं नाही, फक्त फेटून गोठवायचं आणि वरच्यासारखंच दोनदा घुसळायचं. रंग इतका सुंदर येतो की मुलं रंगासाठीच मागतात.

पेरू: दूध नाहीच. पेरू मऊ शिजवून, चाळून, साखर आणि लिंबाचा रस घालून गोठवा. पेरूतल्या पेक्टिनमुळे क्रीमशिवायच अंग येतं. वाढताना वर तिखट-मीठ भुरभुरवा.

केळं: सगळ्यात झटपट. सालीवर काळे ठिपके पडलेली चार केळी चकत्या करून रात्रभर गोठवा आणि सकाळी मिक्सरमध्ये फिरवा. आधी चुरा होतो, मग गोळा, आणि मिनिटाभरात अचानक मऊ आईस्क्रीम. साखर, दूध काही लागत नाही. एक चमचा कोको घातला तर चॉकलेटची चव येते. हे मात्र लगेच खायचं, साठवायचं नाही.

गोडीबद्दल थोडं

साखरेऐवजी स्टीव्हियासारखा गोडवा पूर्णपणे वापरला तर आईस्क्रीम गोड होतं, पण दगडासारखं गोठतं, कारण गोठणबिंदू खाली आणायचं साखरेचं काम ते करत नाही. फार तर एक तृतीयांश साखर त्याने बदला. गुळाने उष्मांक कमी होत नाहीत. चवीसाठी हवा असेल तर मिश्रण पूर्ण गार झाल्यावर घाला, नाहीतर दूध फाटायची भीती. आणि घरात मधुमेही असतील तर फळातली साखरही साखरच असते, हे मोजमापात धरा. फॅट कमी आहे म्हणून वाटी मोठी घ्यायची नाही.

वाढायच्या आधी

कमी फॅटचं आईस्क्रीम फ्रीझरमधून काढल्या काढल्या टणक असतं. खायच्या वीस मिनिटं आधी डबा खालच्या फ्रीजमध्ये आणून ठेवा. ओट्यावर ठेवलात तर कडेने वितळतं आणि मधे तसंच राहतं. आठवड्याच्या आत संपवा, त्यानंतर कण मोठे व्हायला लागतात. वीज बराच वेळ गेली आणि आईस्क्रीम पूर्ण पातळ झालं, तर ते पुन्हा गोठवू नका, गार आहे तोवर मिल्कशेक करून त्याच दिवशी प्या. फ्रीज कोमट झाला असेल तर टाकून द्या.

आमच्याकडे रात्री साडेनऊला डबा खाली येतो. हल्ली तो आठवणीने काढून ठेवायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं आहे.