‘चार्ज’ शब्द हाताळताना: नवोदित अनुवादकांसाठी

न्यायालयीन आणि शासकीय मजकूर इंग्रजीतून मराठीत आणण्याच्या कामात मला सर्वांत जास्त सावध ठेवले ते ओळखीच्या शब्दांनी, कारण अनोळखी शब्द आला की आपण आपसूक कोश उघडतो, ओळखीच्या शब्दासाठी मात्र सहसा उघडत नाही. ‘चार्ज’ हा त्यांपैकीच एक.

जमिनीच्या कागदपत्रांपासून सुरुवात करावी. शेतकऱ्याने संस्थेचे कर्ज घेतले की सातबाऱ्यावरील ‘इतर अधिकार’ या रकान्यात नोंद होते आणि तिला तलाठ्यापासून बँकेच्या शिपायापर्यंत सारे ‘बोजा’ म्हणतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील कलम १०० चा चार्ज तो याच जातीचा. म्हणून ‘सदर जमिनीवर संस्थेचा बोजा आहे’ असे लिहावे. तेथे ‘आकार’ किंवा ‘शुल्क’ लिहिले, तर जमीन घेणाऱ्याला तिच्यावर कर्ज आहे हे कळणारच नाही.

फौजदारी प्रकरणांत ‘चार्ज’ म्हणजे दोषारोप, आणि तेथे तर दोन टप्पे काटेकोरपणे वेगळे ठेवावे लागतात. तपास पूर्ण करून पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात, परंतु दोषारोप निश्चित करण्याचे काम न्यायालयाचे असते आणि त्यापूर्वी आरोपी दोषमुक्तही होऊ शकतो. ‘दाखल’ आणि ‘निश्चित’ यांची गल्लत झाली, तर अनुवादात खटला एक पायरी पुढे गेलेला दिसतो. हा अन्याय केवळ शब्दामुळे घडू नये, असे मला मनापासून वाटते.

कार्यालयीन पत्रांत ‘अतिरिक्त कार्यभार’, देयकात ‘सेवा शुल्क’, बातमीत ‘लाठीमार’ हे पर्याय रुळलेले आहेत. अर्थसंकल्पातला अर्थ मात्र नवख्यांना हमखास चकवतो: राज्यपालांच्या वेतनासारखा जो खर्च विधानसभेच्या मतास टाकला जात नाही तो ‘भारित’ (इंग्रजीत ‘चार्ज्ड’), आणि मतास टाकला जातो तो ‘दत्तमत’.

अर्थ ठरवताना शब्दाच्या आजूबाजूला पाहावे. ‘इन चार्ज ऑफ’ म्हटले की व्यक्ती सांभाळणारी असते. ‘इन द चार्ज ऑफ’ म्हटले की तीच दुसऱ्याच्या ताब्यात असते. एवढ्याशा ‘द’ने पालक आणि पाल्य यांची अदलाबदल होते. भाषा संचालनालयाचे ‘शासन व्यवहार कोश’ आणि ‘न्यायव्यवहार कोश’ हाताशी ठेवावेत, मात्र वाक्य पूर्ण वाचून झाल्यावरच ते उघडावेत.