गॉथिक म्हणजे पीठ फासणं नव्हे: या चुका टाळा

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की माझा फोन सुरू होतो. वांद्र्याला कुणाची तरी हॅलोविन पार्टी, नाहीतर लोअर परळला एखाद्या बँडचा कार्यक्रम. सगळ्यांना गॉथिक मेकअप हवा असतो: फिकट चेहरा, काळेभोर डोळे, काळे ओठ. आणि प्रश्न ठरलेला: "ताई, तासाभरात जमेल ना?" नाही जमणार. पण तुम्ही ऐकणार नाहीच, तेव्हा निदान दरवर्षी होणारे घोळ तरी करू नका.

सगळ्यात मोठा घोळ पांढऱ्या रंगाचा. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीनं नाटकवाल्यांकडे मिळते ती पांढऱ्या ग्रीसपेंटची ट्यूब आणली, सनस्क्रीनवर थेट थापली आणि बोरिवलीहून स्लो लोकल पकडली. निघताना फोटो पाठवला, "मावशी, भारी झालंय ना?" फोटोत खरंच बरं दिसत होतं. मी वांद्रे स्टेशनच्या पुलाखाली थांबले होते. ती उतरली तेव्हा नाकाच्या बाजूला भेगा, कपाळावर घामाचे ओहोळ, हनुवटीचा अर्धा रंग कुर्त्याच्या काळ्या बाहीवर. जबड्याखाली मान मात्र तिची स्वतःची, गव्हाळ. मुखवटा दोरीनं बांधल्यासारखा. डब्यात एका बाईनं उठून तिला जागा दिली होती, पोरीला बरं नाही असं वाटून. गॉथिकचा तेवढाच भाग जमला होता.

आता हे का होतं? ग्रीसपेंट तेला-मेणाचं असतं, ते वाळत नाही. त्यावर पावडर बसवली नाही तर ते रात्रभर ओलंच राहतं. दुसरं, आपल्या त्वचेत पिवळी-तपकिरी झाक असते. पांढऱ्याचा पातळ थर दिला की ती खालून डोकावते आणि चेहरा राखाडी दिसतो. मग माणूस घाबरून आणखी थापतो. थर जाड झाला की हसल्याबरोबर तडकतो. त्यात मुंबईची दमट हवा. घाम वाळत नाही, नुसता वाहतो.

त्या दिवशी मी ते सगळं पुसलं. पांढरं पुन्हा लावलंच नाही. तिच्याच रंगाचं फाउंडेशन, वर दाबून पावडर, आणि सगळा जोर डोळ्यांवर. त्या रात्रीचे तिचे सगळ्यात चांगले फोटो त्या चेहऱ्याचे आहेत. माझं मत स्पष्ट आहे: सावळ्या रंगावर मॅट त्वचा, गडद जांभळा आणि मरून हे उसन्या पांढरेपणापेक्षा शंभरपट गॉथिक दिसतं. तरी फिकटच हवं असेल तर आपल्या फाउंडेशनमध्ये पांढऱ्या मिक्सरचे, म्हणजे फाउंडेशन फिकट करायच्या पातळ रंगाचे, दोन थेंब घाला, दोनच. अंगठ्याच्या नखाएवढा रंग ओल्या स्पंजानं पूर्ण चेहऱ्यावर पसरतो. मग पफवर लूज पावडर घ्यायची, हातावर झटकायची आणि चेहऱ्यावर टेकवत जायचं. घासायचं नाही. पाच मिनिटं गप्प बसायचं, मग उरलेली पावडर मऊ ब्रशनं झाडायची. ही पाच मिनिटं कुणालाच नको असतात.

आणि मान, कान! मी एकांकिकांच्या मेकअप रूममध्ये ज्या काकांच्या हाताखाली शिकले, ते रंगवलेल्या नटाला निघताना पाठमोरा उभा करायचे आणि कानामागे बघायचे. मी अजूनही तेच करते.

दुसरा माझा रागाचा विषय म्हणजे काजळ. "काजळ आहे की घरात" म्हणत लोक तेच पापणीवर, पापणीखाली, पार भुवईपर्यंत फिरवतात. अहो, काजळ मऊ राहावं म्हणूनच बनवलेलं असतं. अंगाच्या उबेनं आणि कातडीच्या तेलानं ते वितळतं आणि तासाभरात गालावर येतं. मग "स्मोकी आहे" असं सांगायची पाळी. काजळ वाईट नाही, एकटं वाईट. पापणीवर आधी चिमूटभर पावडर, मग काजळाचा पातळ थर, बोटानं पसरवलेला, आणि लगेच त्यावर मॅट काळी आयशॅडो चपट्या ब्रशनं दाबायची. काजळ चिकटवतं, आयशॅडो कुलूप लावते. नुसती काळी आयशॅडो कोरड्या पापणीवर लावली तर ठिपक्याठिपक्यांनी बसते, तेही टळतं. कडा मात्र काळ्यानं मिसळायला जाऊ नका, नाहीतर मार खाल्ल्यासारखं दिसतं. कडेला मरून किंवा गडद तपकिरी घ्या आणि ब्रश छोट्या गोलांत फिरवत रंग विरवत न्या.

डोळे आधी, चेहरा नंतर. काळी भुकटी गालावर पडतेच, आणि तयार फाउंडेशनवरून ती पुसायला गेलात की काळा फराटा ओढला जातो.

गाल खोल दाखवायला ब्राँझर वापरणाऱ्यांना काय म्हणावं? त्यात नारिंगी झाक असते, माणूस गोव्याहून आल्यासारखा दिसतो. सावली थंड असते. करडा-तपकिरी रंग घ्या, नाहीतर भुवयांची पावडर चालते.

काळी लिपस्टिक फाटलेल्या ओठांवर प्रत्येक भेग मोजून दाखवते. बाम अर्धा तास आधी लावा आणि नंतर पुसून टाका. पुसायचंच विसरतात, आणि मग रंग घसरतो. काळ्या पेन्सिलनं अख्खे ओठ भरा, वर लिपस्टिकचा एक थर, टिश्यू ठेवून टिश्यूवरूनच पावडर, मग दुसरा थर. शेवटी स्वच्छ बोट तोंडात घालून ओठ मिटायचे आणि बोट बाहेर ओढायचं. बोटावर जो काळा गोल येतो तो दातांवर जाणार होता. वडापाव आधी खाऊन घ्या.

पोस्टर कलर, ॲक्रिलिक चेहऱ्यावर नको. डबीवर "नॉन-टॉक्सिक" लिहिलंय म्हणजे ते डोळ्यांपाशी लावायला केलंय असं नाही.

नवीन वस्तू आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. एकमेकींचं काजळ वापरू नका, डोळे आलेल्या मैत्रिणीचं तर अजिबातच नाही.

एक गंमत: जो तो मला चकचकीत, कोरून काढलेला रेडीमेड चेहरा दाखवून "अस्सल गॉथ हवं" म्हणतो. लंडनच्या सोहो भागात १९८२ साली बॅटकेव्ह हा गॉथ मंडळींचा क्लब सुरू झाला, त्या काळचे फोटो बघा. ब्रिटिश गायिका सूझी सूच्या डोळ्यांच्या त्या लांब, टोकदार रेषा बघा. त्या हातानं ओढलेल्या आहेत, स्टिकर आणि साचा लावून नव्हे. रेष वाकडी आली तर इअरबडला थोडं क्लेन्झर लावून खालची कड साफ करा, ती आपोआप धारदार होते. दोन्ही डोळे तंतोतंत सारखे करण्याच्या नादात एक डोळा कानापर्यंत गेलेली मुलगी मी पाहिली आहे.

घरातून निघण्याआधी फ्लॅश लावून एक फोटो काढा. काही पावडरी आरशात दिसत नाहीत, पण फ्लॅशमध्ये पांढऱ्या डागांसारख्या उमटतात. आरशावर विश्वास ठेवून मी एकदा एका अख्ख्या ग्रुपचे फोटो घालवले आहेत.

आणि शेवटच्या लोकलनं परतल्यावर वेट वाइपनं घासत बसू नका. खोबरेल तेल तळहातावर घ्या, डोळे मिटून चेहऱ्यावर मिनिटभर चोळा, रंग सुटून काळा चिखल होऊ द्या, मऊ कापडानं टिपा, मग फेसवॉश. भाचीनं त्या रात्री कंटाळा केला. उशीचा अभ्रा तिच्या आईनं तीनदा भिजवला आणि शेवटी त्याची पुसणी केली.